काळ्या मोहऱ्यांचा युक्तिवाद

५ एप्रिल २०२४. कॅनडातल्या टोरंटो शहरात कँडिडेट्स स्पर्धेची दुसरी फेरी सुरू होती. जगज्जेत्याला कोण आव्हान देणार हे ठरवणाऱ्या या स्पर्धेत आठच खेळाडू असतात आणि प्रत्येकाशी दोनदा गाठ पडते, एकदा पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि एकदा काळ्या. त्या दिवशी नाशिकचा विदित गुजराथी काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकेच्या हिकारू नाकामुराविरुद्ध बसला होता. नाकामुरा तेव्हा प्रदीर्घ स्वरूपाच्या स्पर्धांत सलग ४७ डाव हरला नव्हता. विदितने निवडलेली सुरुवात अगदी सोवळी होती, तिचे नाव बर्लिन बचाव. अभ्यासक ज्या पद्धतीला ‘भिंत’ म्हणतात आणि प्रेक्षक जिला कंटाळवाणी ठरवून मोकळे होतात, तीच ही पद्धत. अकराव्या खेळीला विदितने नाकामुराच्या राजासमोरच्या एच-३ घरातल्या प्याद्यावर आपला उंट झोकून दिला आणि २९ खेळ्यांत डाव संपवला. नवव्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनीही त्याने नाकामुराला हरवले. चौदा डावांत नाकामुरा दोनदाच हरला, दोन्ही वेळा विदितकडून. स्पर्धा जिंकणाऱ्या दोम्माराजू गुकेशपेक्षा तो अखेर अर्ध्याच गुणाने मागे राहिला.

या डावातून निघणारा प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही. बचावाची म्हणून शंभर-दीडशे वर्षे ओळखली गेलेली पद्धत अकराव्याच खेळीला हल्ल्याचे हत्यार कशी होते? की तो निव्वळ योगायोग होता, नाकामुराची चूक झाली आणि विदितने ती टिपली? माझे म्हणणे असे की अभिजात बचाव म्हणजे लढाई टाळणे हा समजच मुळात चुकीचा आहे. चांगला बचाव लढाई पुढे ढकलतो, तिची जागा बदलतो आणि सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर टाकतो. हे केवळ जगज्जेतेपदाच्या पटावर खरे आहे असे नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यातून पुण्या-नाशिकच्या स्पर्धेला जाणाऱ्या मुलासाठी ते जास्त खरे आहे. मात्र या म्हणण्याला मर्यादा आहेत आणि त्याविरुद्धचे आक्षेप वजनदार आहेत. म्हणून आधी पुरावा पाहू.

प्रथम ही पद्धत काय आहे ते समजून घेऊ. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो, काळाही तसेच करतो. पांढरा राजाच्या बाजूचा घोडा एफ-३ वर आणून काळ्याच्या प्याद्यावर रोख धरतो, काळा वजिराच्या बाजूचा घोडा सी-६ वर आणून ते राखतो. मग पांढरा आपला उंट थेट बी-५ वर नेतो, म्हणजे प्याद्याची राखण करणाऱ्या घोड्यावरच दाब देतो. ही झाली स्पॅनिश सुरुवात, जिला रुय लोपेझही म्हणतात. यावर काळ्याने दाबाची पर्वा न करता दुसरा घोडा एफ-६ वर काढून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्याला उलट प्रश्न विचारला की तो बर्लिन बचाव होतो. १८३०-४० च्या दशकांत बर्लिनमधल्या विश्लेषकांनी तिचा बारकाईने अभ्यास केला, त्यांच्या गटातल्या बिल्गरच्या नावाचा मोठा ग्रंथ १८४३ मध्ये निघाला आणि शहराचे नाव पद्धतीला चिकटले. पुढे इमानुएल लास्करसारख्या जगज्जेत्यानेही ती वापरली. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अव्वल दर्जाच्या खेळात ती जवळजवळ अडगळीत पडली होती.

तिचा मूळ प्रवाह सरळ पण विचित्र आहे. पांढरा किल्लेकोट करतो, काळा मधले प्यादे खातो, पांढरा वजिरासमोरचे प्यादे पुढे सरकवतो, काळ्याचा घोडा मागे येऊन उंटावर रोख धरतो, तो उंट काळ्याचा दुसरा घोडा मारतो आणि दोन-तीन मारामाऱ्यांनंतर आठव्या खेळीला दोन्ही वजीर पटावरून उतरतात. पांढऱ्याचा वजीर काळ्याच्या राजानेच मारलेला असतो, त्यामुळे काळ्याला आता किल्लेकोट करता येत नाही. त्याची दोन प्यादी सी पट्टीत एकामागे एक अडकलेली असतात. पांढऱ्याकडे राजाच्या बाजूला चार प्यादी असतात, काळ्याची तीन. सगळे मोहरे उतरून फक्त राजे आणि प्यादी उरली तर साधारणपणे पांढरा जिंकतो, कारण त्याला वजीर होऊ शकणारे मोकळे प्यादे काढता येते आणि काळ्याच्या दुहेरी प्याद्यांना ते साधत नाही. म्हणजे काळ्याने हिशेबात उघड तोटा पत्करलेला असतो. त्याच्या बदल्यात त्याला मिळतात दोन्ही उंट, एकही दुबळी जागा नसलेली मांडणी आणि वजीर नसल्यामुळे पटाच्या मध्यातही सुरक्षित असलेला राजा. इथून पुढे कोणता मोहरा कशाच्या बदल्यात द्यायचा याच प्रश्नावर डाव ठरतो. चुकीची एक अदलाबदल पांढऱ्याच्या हिताची ठरते, योग्य अदलाबदलीने काळ्याचे उंट मोकळे होतात.

हा तोटा जाणूनबुजून का घ्यायचा, याचे तात्त्विक उत्तर विल्हेल्म स्टाइनिट्झने दिले होते. प्रागमध्ये १८३६ साली जन्मलेला आणि १८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झालेला स्टाइनिट्झ तरुणपणी धडाकेबाज हल्ल्यांसाठीच ओळखला जात होता. नंतर त्याने जे सांगितले त्याने खेळाचा विचारच बदलला. पटावरचा तोल बिघडल्याशिवाय हल्ला यशस्वी होऊ नये, आणि तोल बिघडला नसताना केलेला हल्ला योग्य बचावाने परतवता यायलाच हवा, असा त्याचा आग्रह होता. न्यायालयात आरोप करणाऱ्यावर तो सिद्ध करण्याची जबाबदारी असते, तशी इथे हल्ला करणाऱ्यावर असते. पांढऱ्याला पहिली खेळी मिळते आणि तिचा फायदा खरा आहे. अव्वल खेळाडूंच्या डावांचे मोठे संग्रह चाळले तर पांढऱ्याच्या वाट्याला एकूण गुणांपैकी ५४-५५ टक्क्यांच्या आसपास गुण येतात. पण फायदा असणे वेगळे आणि तो दाखवून देणे वेगळे. बर्लिन बचाव पांढऱ्याला एवढेच म्हणतो, ‘तुझ्याकडे जास्त आहे हे मान्य, आता ते पन्नास खेळ्यांत दाखव.’

दाखवणे किती अवघड आहे हे २००० साली लंडनमध्ये कळले. गॅरी कास्पारॉव्ह त्या वेळी पंधरा वर्षे जगज्जेता होता आणि सुरुवातीच्या तयारीत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. आव्हानवीर व्लादिमिर क्रामनिकने काळ्या मोहऱ्यांनी बर्लिन बचाव काढला. पहिला, तिसरा, नववा आणि तेरावा असे चार डाव त्यात खेळले गेले आणि चारही बरोबरीत सुटले. कास्पारॉव्हला संपूर्ण लढतीत एकही डाव जिंकता आला नाही. क्रामनिकने दुसरा आणि दहावा डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी जगज्जेतेपद मिळवले. ‘बर्लिनची भिंत’ हे नाव तिथे रूढ झाले. या लढतीत बचावाने फक्त डाव वाचवले असे समजणे अपुरे आहे. कास्पारॉव्हची वजीर पटावर असतानाच्या गुंतागुंतीतली ताकद, म्हणजे ज्यावर त्याचे साम्राज्य उभे होते तीच, क्रामनिकने आठव्या खेळीला पटावरून काढून टाकली. लढाई आपल्याला जमणाऱ्या भूमीवर नेणे हे बचावाचे काम होते आणि ते त्याने केले.

त्यानंतर जे घडले ते विदितचा डाव समजण्यासाठी महत्त्वाचे आहे. भिंतीवर डोके आपटण्यात अर्थ नाही हे लक्षात आल्यावर पांढऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. चौथ्या खेळीला किल्लेकोट न करता वजिरासमोरचे प्यादे एकच घर पुढे टाकायचे, म्हणजे डी-३. त्याने मधले प्यादे राखले जाते, वजीर पटावर राहतात, तोट्याच्या हिशेबाचा तो शेवट उद्भवतच नाही. पण याची किंमत आहे. पांढऱ्याने एक घर टाकून दाब सैल केला की काळ्याला श्वास मिळतो, त्याचा उंट सी-५ वर येऊन पांढऱ्याच्या राजाकडे तोंड करून बसतो आणि मध्यावर तो स्वतःच हालचाल करू शकतो. टोरंटोतला डाव याच वाटेने गेला. मुख्य वाट बंद करण्याइतका बचाव भक्कम असेल तर समोरचा आडवाटेने येतो, आणि आडवाटेवर हल्ला कोण करणार हे आधी ठरलेले नसते. अकराव्या खेळीचा उंटाचा बळी आकाशातून पडला नव्हता. त्याआधीच्या दहा खेळ्यांत काळ्याचे मोहरे योग्य जागी येऊन बसले होते म्हणूनच तो शक्य झाला.

इथे पहिला आक्षेप येतो. एका डावावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि प्रत्यक्षात बर्लिन आणि त्याच्या जातकुळीतला पेट्रॉफ बचाव यांनी अव्वल खेळाला बरोबरीच्या दलदलीत ढकलले आहे, असे अनेक जाणकार म्हणतात. पुरावा म्हणून २०१८ ची लंडनमधली मॅग्नस कार्लसन विरुद्ध फाबियानो कारुआना ही जगज्जेतेपदाची लढत दाखवली जाते. प्रदीर्घ स्वरूपाचे बाराही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर लागला. पण हा पुरावा नीट तपासला तर उलटा वळतो. त्या लढतीत कार्लसनने काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचाव खेळला, जो आक्रमक, असमतोल आणि रक्तरंजित म्हणून ओळखला जातो. ते सहाही डाव बरोबरीतच सुटले. उलट कारुआनाच्या ‘कंटाळवाण्या’ पेट्रॉफमध्ये सहाव्या डावात काळ्याला जिंकण्याची वाट होती. ती इतकी खोल होती की संगणकाला दिसली, पटावर बसलेल्या दोघांनाही नाही, आणि ८० खेळ्यांनंतर हातमिळवणी झाली. त्याच वर्षी बर्लिन शहरातच झालेल्या कँडिडेट्स स्पर्धेत कारुआनाने पेट्रॉफ खेळून काळ्या मोहऱ्यांनी क्रामनिकला हरवले आणि शेवटच्या फेरीत अलेक्झांडर ग्रिशुकलाही हरवून आव्हानवीर होण्याचा मान मिळवला. बरोबरी होते ती दोन्ही खेळाडू फार चांगले असतात म्हणून. सुरुवातीला दोष देणे सोपे आहे इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, कारण तो आपल्या माणसाच्या पराभवातून येतो. २०१३ मध्ये चेन्नईतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात विश्वनाथन आनंदने पांढऱ्या मोहऱ्यांनी कार्लसनच्या बर्लिनविरुद्ध तीच डी-३ ची वाट धरली आणि तो हरला. २०१४ मध्ये सोचीत अकराव्या डावात आनंदने काळ्या मोहऱ्यांनी बर्लिनचा तो वजीर-विरहित शेवट खेळला, एका गुणाने मागे असताना हत्ती देऊन उंट घेण्याचा जुगार केला आणि डावासह लढतही गमावली. मग भिंत गेली कुठे? माझ्या मते हे दोन्ही डाव माझ्या म्हणण्याच्या बाजूने बोलतात, फक्त त्याची मर्यादाही दाखवतात. चेन्नईत बचाव करणारा काळाच जिंकला. सोचीत पडझड झाली ती पद्धतीमुळे झाली नाही. मागे असलेल्या खेळाडूला जिंकणे आवश्यक होते आणि वाट पाहणे परवडत नव्हते, म्हणून झाली. जो बचाव धीरावर उभा असतो तो घाईच्या माणसाच्या हातात टिकत नाही. त्यामुळे अभिजात बचाव सर्व प्रसंगांचे औषध नाही. स्पर्धेतली आपली गरज काय आहे हे ओळखूनच तो निवडायला हवा.

ही गरज गुणांच्या भाषेत मांडली तर आपल्या जिल्ह्यातल्या खेळाडूचा प्रश्न स्पष्ट होतो. अहिल्यानगर क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वात मोठा जिल्हा आहे, सुमारे १७,००० चौरस किलोमीटर. कळसूबाईच्या पायथ्याचा अकोले तालुका आणि आग्नेय टोकाचा जामखेड यांच्यात इतके अंतर आहे की जिल्हा स्पर्धेसाठीसुद्धा कुणाचा तरी सबंध दिवस प्रवासात जातो. मोठ्या स्पर्धा पुण्या-मुंबईत किंवा राज्याबाहेर होतात. अशा खेळाडूला वर्षात मोजकेच मानांकित डाव मिळतात आणि त्यांतले निम्मे काळ्या मोहऱ्यांनी, बहुधा आपल्यापेक्षा वरच्या मानांकनाच्या प्रतिस्पर्ध्याशी. आंतरराष्ट्रीय महासंघाची मानांकन पद्धत सांगते की आपल्यापेक्षा २०० गुणांनी वर असलेल्याशी खेळताना अपेक्षित कमाई ०.२४ गुण असते, ४०० गुणांचा फरक असेल तर ०.०८. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या खालच्या खेळाडूसाठी गुणक ४० आहे. म्हणजे १६०० मानांकनाच्या मुलाने १८०० च्या खेळाडूशी बरोबरी साधली तर त्याचे मानांकन दहाहून थोडे अधिक गुणांनी वाढते, २००० च्या खेळाडूशी साधली तर जवळजवळ सतरा गुणांनी. वरच्या खेळाडूविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी मिळवलेली बरोबरी म्हणजे हाती पडलेली रोख कमाई आहे. तिला ‘नुसती बरोबरी’ म्हणणे हिशेबाला धरून नाही.

पण हाच हिशेब वरच्या पायरीवर उलट बाजूही दाखवतो, आणि ती लपवणे बरोबर नाही. या जिल्ह्यातला शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला. त्या किताबासाठी २५०० मानांकन आणि साधारण नऊ-नऊ डावांच्या स्पर्धांतून २६०० च्या दर्जाची कामगिरी करून मिळवलेले निकष लागतात. नऊ फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २४३४ च्या आसपास असेल तर साडेसहा गुण हवेत. समजा वाट्याला पाच डाव पांढरे आणि चार काळे आले. काळ्यांतले दोन हरले आणि दोन बरोबरीत सुटले तर तिथे एकच गुण मिळतो. मग पाचही पांढरे डाव जिंकले तरी बेरीज सहाच होते, म्हणजे निकष हुकला. काळे चारही डाव बरोबरीत सोडवले तर दोन गुण होतात आणि पाच पांढऱ्यांतून साडेचार काढावे लागतात, जे कुणालाही जवळजवळ अशक्य आहे. यातून दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध होतात. काळ्या मोहऱ्यांनी न हरणे आवश्यक आहे, आणि तेवढे पुरेसे नाही. जो बचाव फक्त डाव वाचवतो, समोरच्याला चुकण्याची संधीच ठेवत नाही, तो खेळाडूला एका उंचीवर नेऊन तिथेच अडवतो. म्हणून बचाव निवडताना तो किती भक्कम आहे याबरोबर डावात प्रश्न किती शिल्लक ठेवतो हेही पाहायला हवे. बर्लिन आणि पेट्रॉफ वजीर उतरवूनही प्रश्न शिल्लक ठेवतात, हेच त्यांचे बळ.

तिसरा आक्षेप प्रशिक्षकांकडून येतो आणि तो मला सर्वात जास्त पटण्यासारखा वाटतो. लहान मुलांना आधी उघडा खेळ, बळी आणि राजावरचे हल्ले शिकवावेत, बचाव नंतर, असे बहुतेकांचे मत असते. महाराष्ट्रातला यासाठीचा जिवंत दाखला प्रवीण ठिपसे यांचा. १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झालेले ठिपसे राजाचा गँबिट खेळण्यासाठी प्रसिद्ध होते. दुसऱ्याच खेळीला राजाच्या बाजूचे प्यादे देऊन टाकणारी ही सुरुवात आहे आणि त्यांच्या पिढीतल्या फार थोड्यांनी ती गंभीरपणे जपली. हल्ल्याची चव लागल्याशिवाय मुलाची कल्पकता फुलत नाही, हे खरे. पण यातून बचाव नंतर शिकवावा असा निष्कर्ष निघत नाही. हल्ला का यशस्वी झाला हे ज्याला कळते त्यालाच तो कसा थोपवायचा हेही कळते, आणि उलटही. शिवाय बर्लिनचा वजीर-विरहित शेवट खेळताना मूल राजाला मोहऱ्यासारखा वापरायला शिकते, दोन उंट घोड्यांपेक्षा कधी वरचढ ठरतात हे पाहते आणि कोणती प्यादी डावाच्या शेवटी जिवंत राहणार हे आधी मोजायला शिकते. हे शिक्षण कोणत्याही सुरुवातीला उपयोगी पडते. सिसिलियनच्या एखाद्या धारदार शाखेत वीस खेळ्या पाठ करून मिळवलेला विजय दुसऱ्या शाखेत काही कामाचा नसतो.

पाठांतराचा मुद्दा लहान गावासाठी विशेष महत्त्वाचा आहे. आज संगणक प्रत्येक घरी पोहोचला आहे, त्यामुळे माहितीची दरी मिटली असा युक्तिवाद केला जातो. माहितीची दरी काही अंशी मिटली हे मान्य, पण तिची निवड करून देणारा, रोज सोबत सराव करणारा मार्गदर्शक प्रत्येक तालुक्यात नाही. धारदार सुरुवातीत नवी खेळी निघाली की जुनी तयारी एका रात्रीत कुचकामी होते आणि ती सतत ताजी ठेवावी लागते. अभिजात बचावात योजना बदलत नाहीत, बदलतात ते तपशील. ज्याच्याकडे मनुष्यबळ कमी आहे त्याने जास्त टिकाऊ माल घ्यावा, हा व्यवहार कुणालाही पटेल. यावर कुणी म्हणेल की ही तर मागासांसाठी राखून ठेवलेली युक्ती झाली. पण क्रामनिक आणि कारुआना यांच्याकडे जगातली उत्तम तयारी उपलब्ध होती, तरी त्यांनी हेच निवडले.

आपल्याकडे बचावाची समज परकी आहे असेही नाही. मुंबईत १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. युरोपीय नियमांना जुळवून घेतलेल्या मांडण्या आणि पेच हा त्याचा मुख्य भाग आहे. ‘जुळवून घेतलेल्या’ असे म्हणावे लागते, कारण देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर जात असे आणि युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला शह मिळण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. अशा खेळात सुरुवातीचा धावता हल्ला शक्यच नव्हता, आधी मांडणी, मग चकमक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोलकात्यात महेशचंद्र बंदोपाध्याय युरोपीय नियमांनी जॉन कॉक्रनशी खेळू लागले तेव्हा त्यांनी ही सवय सोबत आणली. उंट बाजूच्या कोपऱ्याजवळ लांब तिरप्या रेषेवर ठेवून मधली जागा आधी पांढऱ्याला द्यायची आणि मग तिच्यावर मारा करायचा, या त्यांच्या ढंगावरूनच पुढे ‘इंडियन’ नावाच्या बचावांची परंपरा ओळखली जाऊ लागली. कॉक्रननेही त्याच काळात पेट्रॉफ बचावाविरुद्ध घोडा देऊन राजावर धावून जाणारी आपली प्रसिद्ध गँबिट महेशचंद्रांवर आजमावली. दीडशे वर्षांनी, १९९९ मध्ये वेसेलिन टोपालोव्हने तीच युक्ती क्रामनिकवर वापरली आणि डाव बरोबरीत सुटला. हल्ल्याला दीडशे वर्षांत निर्णायक पुरावा सापडला नाही, बचाव उभा राहिला.

अगदी अलीकडचा दाखला नागपूरचा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर होत्या. प्रदीर्घ स्वरूपाचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पहिल्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी हंपीने पेट्रॉफ बचाव निवडला आणि तो टिकला, ८१ खेळ्यांनंतर बरोबरी. दुसऱ्या जलद डावात हंपीने पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅटलन सुरुवात केली. त्याविरुद्ध काळ्याची मांडणी पूर्णपणे अभिजात, मध्यावर प्यादी भक्कम आणि मोहरे शांतपणे बाहेर. वेळ संपत आली तेव्हा तोल हंपीचा गेला. दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली, विश्वचषक मिळवला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली, वय अवघे एकोणीस. हंपी तिच्याहून किती तरी अनुभवी होती. दिव्याला डाव सुरुवातीलाच जिंकायचा नव्हता. तिला तो इतका लांबवायचा होता की निर्णय घेण्याचा ताण दोघींवर सारखा पडावा.

या सगळ्यांतून जिल्ह्यातल्या खेळाडूसाठी आणि त्याच्या पालकांसाठी एक साधे सूत्र निघते. काळ्या मोहऱ्यांची सुरुवात निवडताना तीन प्रश्न विचारावेत. हा बचाव मला समजतो की पाठ झाला आहे? त्यात प्रतिस्पर्ध्याला चुकण्यासाठी काही शिल्लक राहते का? आणि आजच्या फेरीत मला अर्धा गुण हवा आहे की पूर्ण? पहिल्या दोन प्रश्नांना होकार मिळत असेल आणि तिसऱ्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले असेल, तर बर्लिन, पेट्रॉफ किंवा कोणताही अभिजात बचाव भित्रेपणाची खूण राहत नाही. तिसऱ्याचे उत्तर ‘पूर्ण गुण, आणि लगेच’ असे असेल तर सोचीतला डाव आठवावा आणि दुसरी सुरुवात काढावी. बचावाची ताकद डावाची घाई न करण्यात आहे, म्हणून ज्याला घाई आहे त्याने तो घेऊ नये. ज्याच्याकडे धीर आहे त्याला मात्र अकराव्या खेळीला उंट देण्याचीही मोकळीक त्यातूनच मिळते.